चूल म्हणणारी नलू आणि घाट म्हणणारी मी

नलू, आधी तुझ्या फ्लेक्सचं सांगते. तो तू पाहिला असतास तर पुन्हा एकदा मेली असतीस, या वेळी हसून.

बसस्टँडसमोर, बियाण्यांच्या जाहिरातीला खेटून तुला टांगलं आहे. फोटो कुठल्यातरी लग्नातला. नवरा-नवरी पुसून टाकले, तिथे निळं आभाळ घातलं, आभाळात दोन कबुतरं सोडली आणि तुझ्या गालांना अशी काही लाली फासली आहे की तू पंचायत समितीला उभी राहिल्यासारखी दिसतेस. खाली लिहिलंय, 'ज्ञानज्योत मालवली'. त्याच्या खाली जे शोकाकुल गॉगल लावून उभे आहेत, त्यांतल्या निम्म्यांना तू विज्ञानात नापास केलं होतंस. त्यांना ज्योत म्हणजे मेणबत्तीची, एवढंच माहीत.

शोकसभाही झाली. हातवारे करून बोलणारा एक तरुण वक्ता आणला होता. "बाईंची ऊर्जा आजही तुमच्या-माझ्यात वाहते आहे," म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या, नलू! मी पुढच्या रांगेत खुर्चीचे दांडे घट्ट धरून बसले होते. उठून सांगावंसं वाटत होतं की बाबा रे, ऊर्जा अशी वारशात मिळत नसते. ज्याने त्याने आपली भाकर खायची, ज्याच्या त्याच्या पेशींनी ती फोडायची आणि जी निघेल ती त्याची त्याला. नलूने तिची सगळी इथेच संपवली. बरीचशी तर नुसती उष्णता होऊन आपल्या पत्र्याच्या वर्गात गेली, जो तसाही मार्चपासून भट्टी असायचा.

आता शाळेच्या वार्षिक अंकासाठी मी तुझ्यावर लिहायचं आहे. जन्म, शिक्षण, सेवा, निवृत्ती, पश्चात परिवार. ते त्यांचं त्यांनी लिहावं. मला तुझ्याशी भांडायचं आहे. शेवटचे काही महिने मी तुला खाऊ घालत होते आणि तू नको म्हणत होतीस. त्यात बरोबर कोण होतं, एवढंच मला हवं आहे. बाकी तुझ्या ज्योतीचं त्या कबुतरांनी बघून घ्यावं.

पण ते भांडण समजायला जुनं भांडण सांगायला हवं, आणि जुन्या भांडणात एक महामूर्ख बाई होती. ती मी.

काय ध्यान होते मी, आठवतं? बुलढाण्याहून जळगाव जामोदला नोकरीवर आले, तर जणू विलायतेहून आले. कडक इस्त्रीची साडी, अंबाड्यात इतक्या पिना की चुंबक जवळ आणला असता तर मी चिकटले असते, आणि छातीशी बीएस्सीच्या प्रमाणपत्राची फाइल. राजूर घाट उतरताना अख्खी बस डुलक्या घेत होती, मी एकटी ताठ बसून सातपुड्याच्या पायथ्याच्या अडाणी लेकरांना विज्ञान देण्याची प्रतिज्ञा करत होते. लेकरांनी मागितलं होतं का? मुळीच नाही.

शिक्षकांच्या खोलीत तू एकटी भाकर खात बसली होतीस. ठेचा लावून. म्हणालीस, "ये वं, बस. जेवली का?"

आणि मी काय म्हणाले? "मी डबा आणला आहे. धन्यवाद."

धन्यवाद! आज तिला, त्या अंबाडेवालीला, मी पाठीत एक धपाटा घातला असता. तू डोणगावची, बाई असून मी येतो, मी जातो असं बोलणारी, घास तोंडात असताना हसणारी. मी मनात तुझ्यावर शिक्का मारून मोकळी झाले: गावठी. तूही माझ्यावर एक मारला होतास. तो तू मला पुष्कळ वर्षांनी सांगितलास आणि तो या लेखात छापण्यासारखा नाही.

मग दहावीचे दोन वर्ग आपल्यात वाटले गेले. अ तुझा, ब माझा. मधली भिंत छतापर्यंत पोचत नव्हती, त्यामुळे तुझं सगळं मला ऐकू यायचं. पेशींच्या श्वसनाचा धडा सुरू झाला आणि भिंतीवरून तुझा आवाज आला:

"पोट्टेहो, पेशी म्हंजे चूल. भाकर म्हंजे लाकूड. अन् ऑक्सिजन म्हंजे फुकणी. फुंकली का पेटली. झालं, लिहून घ्या."

माझ्या हातातला खडू मोडला. चूल! ज्या क्रियेसाठी मी रात्रंदिवस आकृत्या गिरवल्या होत्या, तिची या बाईने एका वाक्यात राख केली. मी माझ्या वर्गाकडे तोंड करून, पण आवाज भिंतीकडे फेकून म्हणाले, "काही लोक पेशीला चूल समजतात. आपण समजायचं नाही."

आणि मग मी घाट काढला. तोच, ताजा उतरलेला. मुलांना म्हणाले, साखरेतली ऊर्जा एकदम मोकळी केली तर ती कड्यावरून ढकललेल्या एसटीसारखी होईल. आवाज मोठा, हाती नुसते पत्रे. पेशी तसं करत नाही. ती साखरेला घाटाने उतरवते, वळणावळणाने. जिथे जमेल तिथे थोडी थोडी ऊर्जा काढून घेते आणि एटीपीच्या लहान पुड्यांत बांधते, म्हणजे हवी तेव्हा हवी तेवढी फोडता येते. पहिली वळणं पेशीच्या द्रवातली, तिथे ऑक्सिजनची गरजच नाही. खरा मोठा उतार पुढे, तंतुकणिकांमध्ये. आणि पार पायथ्याशी ऑक्सिजन उभा असतो. उतरून आलेले इलेक्ट्रॉन तो पदरात घेतो आणि त्यांचं पाणी करतो. तो पायथ्याला नसला की वरपर्यंत गाड्या तुंबतात. आपण श्वास घेतो तो फुंकर मारायला नाही, घाट मोकळा ठेवायला.

मला वाटलं, भिंत आता लाजेने खचेल. पलीकडून तू म्हणालीस, "बाजूच्या बाई घाटातून आल्या, म्हणून त्यांले जिकडं तिकडं घाट दिसते. मले सांगा पोट्टेहो, उतरली का गाडी गरम होते का नाही?"

"होते!" अख्खा अ वर्ग.

"मंग आपलं आंग गरम कशानं राह्यते? चूल नाही तर काय आहे आत? हिटर?"

दोन्ही वर्ग हसले. माझाही, हरामखोर. आणि तुझ्या म्हणण्यात थोडं तथ्य होतं, तेच मला झोंबलं. घाटात सगळीच ऊर्जा पुड्यांत बांधली जात नाही, अर्ध्याहून जास्त उष्णता होऊन जाते. पण ते कबूल करण्याइतकी मी तेव्हा शिकलेली नव्हते. फक्त पदवीधर होते.

तू पुरावा द्यायचं ठरवलंस. दोन थर्मास आणलेस, एक तुझ्या घरचा, एक मुख्याध्यापकांच्या चहाचा. एकात मोड आलेला हरभरा, दुसऱ्यात उकडलेला. दोन्हींच्या तोंडाला कापूस, कापसातून थर्मामीटर. जिवंत हरभरा श्वसन करेल आणि तापेल, मेलेला गार राहील, म्हणजे चूल सिद्ध. छान. पुस्तकातलाच प्रयोग. दुसऱ्या दिवशी मोडवाला तापला, तू मला पारा दाखवायला खास बोलावलंस. आणि मग, सोमवारी शाळा उघडली तर उकडलेलाही तापलेला! जवळजवळ तेवढाच!

किती आनंद झाला होता मला. वर्गाच्या दारात उभी राहून मी म्हणाले, "नलिनीताई, मेलेल्या हरभऱ्याचीही चूल पेटली वाटतं?" आठवडाभर हे वाक्य मी पुन्हा पुन्हा घोळवलं. मग तुझी जिरवायला तोच प्रयोग मी माझ्या वर्गात, माझ्या शास्त्रशुद्ध हातांनी केला. माझा उकडलेला तर तुझ्याहून जास्त तापला.

मुख्याध्यापक थर्मास परत न्यायला आले, झाकण काढलं आणि नाक दाबून मागे सरले. तेव्हा तुझ्या डोक्यात उजेड पडला. कपाळावर हात मारून म्हणालीस, "अवं माय! ह्या तर घुगऱ्या आहेत! घरी असत्या तर दुसऱ्या दिवशी म्हशीपुढं टाकल्या असत्या. अन् इथं आपण त्याहिले थर्मामीटर लावून बसलो!"

दोघी रोज सकाळी घरचा सगळा स्वयंपाक उरकून शाळेत येणाऱ्या बायका. उकडलेलं कडधान्य झाकून ठेवलं की आंबतं आणि गरम लागतं, हे हाताला ठाऊक होतं. पण शाळेच्या फाटकात चपला काढाव्यात तशी आपण ती अक्कल बाहेर काढून ठेवत होतो, कारण आत विज्ञान होतं. उकडलेला हरभरा जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून मग भरायचा असतो, नाहीतर मेलेल्या दाण्यावर जिवाणूंची पंगत बसते आणि तापतात ते जिवाणू. हे पुस्तकात लिहिलेलं होतं. बारीक अक्षरात. माझी फाइल छातीशी असल्यामुळे मला दिसलं नसावं.

त्या दिवशी पहिल्यांदा मी तुझ्या डब्यातली भाकर खाल्ली. भांडण मात्र मिटलं नाही, आणि बरं झालं. गावात आजही चाळिशी-पन्नाशीची माणसं एकमेकांना विचारतात, तू चुलीतला का घाटातला? औषधाच्या दुकानातला तो चुलीतला. दोन्ही गटांना शेवटी सारखेच मार्क पडायचे, हे मला तेव्हाही खटकायचं, आताही खटकतं.

आता नवं भांडण.

तुझ्या आतड्यात गाठ निघाली. अकोल्याहून विजूने, तुझ्या मुलाने, फोन केला आणि मी तुझ्या घरी येऊन पहिल्यांदा तुलाच रागावले, जणू ती गाठ तू हट्टाने आणली होतीस. ऑपरेशन झालं, जे करायचं ते झालं, आणि मग डॉक्टर म्हणाले, आता घरीच असू द्या, जे आवडेल ते द्या, बळजबरी करू नका. मी म्हटलं, डॉक्टरांना काय कळतं? माणूस खाल्ल्याशिवाय जगतं का? आणि मी डबा सुरू केला. ताकातल्या कण्या, मुगाचं पातळ वरण, कधी मऊ भात. रोज दुपारी, उन्हाची, डोक्यावर पदर घेऊन मी तुझ्या गल्लीत. नात म्हणायची, "आजी, तू परीक्षेला निघाल्यासारखी जातेस."

तू भिंतीकडे तोंड करायचीस. "नको वं."

इतक्या वर्षांत मीही तुझ्यासारखीच बोलायला लागले होते. म्हटलं, "दोन चमचे घे. पेशींले काही तर पाह्यजे."

"कोणत्या पेशींले? माह्या का तिच्या?" तू गाठीला 'ती' म्हणायचीस, सवतीला म्हणावं तसं. "तिच्यातल्या पेशी तुह्या घाटात पह्यल्याच वळणावर उतरून जातात. अर्धीच साखर फोडतात अन् दुसरी गाडी बोलावतात. म्हणून त्याहिले ढीगभर लागते. घाट शिकल्याच नाहीत त्या. माह्याच वर्गातल्या दिसतात."

मला हसू आलं आणि हसू आल्याचा राग आला. म्हटलं, "व्हॉट्सअॅपवरचं शास्त्र मले नको शिकवू. तू उपाशी राह्यली म्हणून ती मरणार नाही. ती तुहं मांस फोडून खाईल."

"खाते तर खाते. पण तू आता ऐक." तुझा आवाज पार बारीक झाला होता, मला वाकावं लागलं. "चुलीत लाकूड कोंबलं का जाळ होते, असं म्हणणारी मी होतो. तू जनमभर मले हसली. आता तूच काऊन कोंबून राह्यली?"

नलू, मला उत्तर येत होतं. शरीर असं थकलं की नुसतं अन्न आत घालून भागत नाही, ते पचायला हवं, पेशीपर्यंत पोचायला हवं, पेशीला ते उतरवता यायला हवं. सगळा घाटच ढासळला असेल तर वर कितीही बसगाड्या भरल्या तरी काय उपयोग? हे मी हजारो पोरांना शिकवलं होतं. आणि मी तुला म्हणाले, "गप. तोंड उघड."

तू बघितलंस माझ्याकडे. मग उघडलंस.

त्या दिवसापासून तू खाऊ लागलीस. वाद न घालता, चमच्यामागे चमचा. डबा रिकामा व्हायचा. मी झाकण लावताना मनात नाचायचे. घरी जाऊन नातीला रिकामा डबा दाखवायचे. शेजारणींना सांगायचे की बघा, मायेने भरवलं की माणूस खातं, डॉक्टरांचं काय ऐकता. तू वाळत चालली होतीस, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. मी म्हणायचे, उशिरा का होईना, अंगी लागेल. ती अंबाडेवाली बरी, तिला निदान प्रमाणपत्र होतं. या म्हातारीकडे काय होतं? एक डबा.

तू गेलीस ती दुपारी. मी फाटकाशी पोचले तेव्हा आतून रडण्याचा आवाज आला. डब्यातल्या कण्या अजून कोमट होत्या. तो डबा मी कुठे ठेवला, ते आजही आठवत नाही.

माणसं तुला घेऊन गेली, बायका घरी राहिलो. ओसरीवर 'सुटली बिचारी' सुरू झालं. 'खाल्लं-प्यालं अन् गेली' असंही एक म्हणाली, आणि माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी मान हलवली. हो, हलवली.

माणसं परत आली आणि कडू घासाची ताटं मांडली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून सोयऱ्यांकडून बेसन-भाकर आली होती. आपण अशा घरी कितीदा वाढायला गेलो होतो, घरच्यांना बळेच बसवायचं, आधी कडुनिंबाचं पान, मग घास. मी वाढायला उठले तर विजू म्हणाला, "मावशी, तुम्ही पंगतीत बसा."

"हा घरच्यांचा घास असते, बाप्पा," तुझी नणंद म्हणाली.

"हाव ना. म्हणूनच म्हटलं, बसा."

मी त्याच्या शेजारी बसले. त्याने पान माझ्या ताटात ठेवलं आणि मान वर न करता हळूच म्हणाला, "मावशी, एक सांगू? राग नका येऊ देऊ. तुम्ही गेल्या का आईच्या पोटात काहीच राहे नाही. सगळं बाहेर. रोजचं. भांडं मीच धरत होतो. मी म्हटलं, आई, मावशीले सांगतो, त्या बंद करतीन. तर मले म्हणे, खबरदार. तिले डबा रिकामा नेऊ दे."

लबाड. नलू, लबाड कुठली.

म्हणजे घाटाचं पहिलं वळणही लांब राहिलं, तो घास पोटाच्या उंबऱ्यावरूनच परतत होता. ओकायलाही ऊर्जा लागते, बाई. पोटाचे स्नायू आवळावे लागतात, उठून बसावं लागतं, घाम फुटतो. तुझ्याकडे उरलं होतं ते काय, चिमूटभर, आणि तू ते रोज दुपारी माझ्या आनंदावर खर्च केलंस. मी चमच्यामागे चमचा भरवून तुला रिती करत होते. आणि तू तोंड उघडत होतीस.

तुझं बरोबर होतं. घे, लिहून दिलं. वार्षिकात छापून येईल, ब वर्गही वाचेल. पण ही काय जिंकायची रीत झाली? जन्मभर भिंतीवरून ओरडून जिंकणारी बाई शेवटी गप्प बसून जिंकली. मला उलट बोलायला जागा ठेवली नाहीस. थांब म्हणाली असतीस, डबा फेकून दिला असतास, तर मी चिडले असते, रुसले असते, दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने आले असते आणि आपण नुसत्या बसलो असतो. बोललो असतो. तेवढ्या दुपारी तू मला देणं लागतेस, त्या डब्यात गेल्या.

समोर ताट होतं. तुझी नणंद बघत होती, ओसरीवरच्या बायका बघत होत्या, ही परकी बाई आता काय करते म्हणून. डोळे पुसेल, ताट सरकवेल, एक घास चिवडून उठेल. तसंच करायचं असतं.

मला भूक लागली होती, नलू. सकाळपासून पोटात काही नव्हतं. लाज वाटेल अशी, सणसणीत भूक. तुला नेलं होतं आणि माझ्या कोट्यवधी पेशी, एकजात निगरगट्ट, म्हणत होत्या, आण. त्यांना ना तू ठाऊक, ना सुतक.

मी पान चावलं. भाकर मोडली. विजूने दुसरी वाढली, मी नको म्हटलं नाही. बेसनाला मीठ कमी होतं, तेही मागून घेतलं. सगळं ताट संपवलं. आणि सांगते तुला, ते आत राहिलं.